सगळेच 'पूर्णपणे सहमत' : एका केंद्रप्रमुखांच्या पीएच.डी.चं प्रकरण

२०२४ सालच्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मॅडम सोलापुरातल्या आमच्या होटगी रोडवरच्या घरी आल्या, त्या कापडी पिशवी छातीशी धरूनच. पिशवीत भरून आलेल्या ३८ प्रश्नावल्या होत्या. गठ्ठा टेबलावर ठेवला, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सर, अडतीसच्या अडतीस. एकानंसुद्धा वाईट लिहिलं नाही." अभिनंदन करायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात लक्षात आलं की त्या रडकुंडीला आल्या आहेत.

हे प्रकरण त्या ३८ प्रश्नावल्यांचं आहे. ओळख पटू नये म्हणून तालुक्याचं नाव दिलेलं नाही आणि दोन-तीन तपशील फिरवले आहेत. मॅडमनी मजकूर वाचून "चालेल" म्हटलं आहे. त्यांचं 'चालेल' म्हणजे काय, ते ज्यांनी त्यांच्यासोबत काम केलंय त्यांना ठाऊक आहे.

मॅडम जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षिका. माहेर बार्शीकडचं. डी.एड. करून नोकरीला लागल्या, बी.ए., एम.ए. नोकरीत राहून बाहेरून केलं. बी.एड.ला माझ्या वर्गात होत्या, तेव्हापासूनची ओळख. एम.एड.साठी बिनपगारी रजा काढली. तेव्हा तो अभ्यासक्रम एका वर्षाचा होता, २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. "वेळेत सुटले," असं त्या अजून म्हणतात. २०१७ पासून केंद्रप्रमुख. केंद्र शहराच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. शाळा ११, त्यातल्या सात द्विशिक्षकी.

केंद्रप्रमुख हे पद राज्यात १९९४ साली आलं. साधारण दहा शाळांमागे एक अनुभवी माणूस असावा, त्यानं वर्गात बसावं, शिक्षकाला अडलेलं सोडवून द्यावं, ही मूळ कल्पना. अशी ४,८६० केंद्रं झाली. कल्पना फार चांगली होती. पुढे त्याच माणसाच्या मोबाइलवर यू-डायस (शाळांची सरकारी आकडेवारी), आधार जुळणी, पोषण आहार आणि 'माहिती आजच्या आज' असं सगळं येऊन पडलं आणि वर्गात बसणं मागे पडलं. हे मॅडमना कुणी सांगायची गरज नव्हती, आणि पीएच.डी. करायची ती याच्यावरच, हेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

का करायची, हे मी विचारलं होतं. पगारात फरक पडणार नव्हता. घरून "आता या वयात?" हे झालंच होतं. त्या वेळी त्या ४६ वर्षांच्या होत्या. मला त्यांचं उत्तर आवडलं, कारण ते अर्धं प्रामाणिक नव्हतं, पूर्ण होतं: "प्रशिक्षणात दुसऱ्यांची संशोधनं वाचून दाखवून कंटाळा आला. आणि खरं सांगू का सर, नावामागे 'डॉ.' लागलेलं पण पाहिजे."

प्रवेशाची वाट

यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, सध्याची नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ ची. नोकरी करणाऱ्यासाठी तिच्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट परवानगी आहे. दूरस्थ पद्धतीनं मात्र पीएच.डी. नाही, त्यामुळे 'घरबसल्या डॉक्टरेट' अशी जाहिरात दिसली तर ती बाजूला ठेवायची. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट. किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, आणि महिलांना त्यावर आणखी दोन. प्रवेश परीक्षेत निम्मे गुण मिळवून पात्र ठरायचं, मग परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. मॅडम विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेतून, 'पेट'मधून आल्या. जून २०२४ पासून यूजीसीनं नेटचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी धरायला सुरुवात केली, ते त्यांच्यानंतरचं.

परीक्षा त्यांना जड गेली नाही. जड गेली ती एनओसी. अर्धवेळ उमेदवाराच्या ना हरकत प्रमाणपत्रात तीन गोष्टी लागतात: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केलं जाईल. अर्ज योग्य मार्गाने गेला, एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, आवकचा शिक्का, जावकचा शिक्का. शेवटी जे पत्र आलं त्यात एकच ओळ होती: 'शासकीय कामात कोणत्याही प्रकारे अडथळा येणार नाही या अटीवर'. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, वर्षानुवर्षं हीच ओळ वापरात आहे. पण तिसऱ्या मुद्द्याचा नेमका उलटा अर्थ त्यातून निघत होता. कागद परत फिरला. नव्यानं अर्ज करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की नियमातली वाक्यं मराठीत टाइप करून मसुदा सोबतच जोडा. कार्यालयाला मसुदा मिळाला की काम चालतं.

२०२३ च्या मध्याला नोंदणी झाली. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिट), त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा भाग सक्तीचा, आणि ५५ टक्के मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विद्यापीठ केगावला, पुणे हायवेवर, शहराच्या एका टोकाला; मॅडमचं केंद्र बरोबर दुसऱ्या टोकाला. उन्हाळ्यात हा प्रवास काय असतो हे सोलापूरकराला सांगायला नको. वर्गात बाजूला बसलेली मुलं त्यांच्या लेकाच्या वयाची. सांख्यिकीच्या तासाला ती मुलं पुढे, शाळेबद्दल चर्चा निघाली की मॅडम पुढे. त्या चर्चेत त्या फार बोलायच्या, हे त्यांनीच नंतर कबूल केलं.

विषय आणि त्याचा घोटाळा

मंजूर झालेला विषय असा होता: केंद्रप्रमुखांच्या शैक्षणिक मार्गदर्शनाची परिणामकारकता, शिक्षकांच्या मतांच्या आधारे. सर्वेक्षण पद्धती, पंचबिंदू श्रेणीची ('पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत') प्रश्नावली, शून्य परिकल्पना, टी-चाचणी, अशी सगळी आकड्यांची मांडणी. आपल्याकडच्या शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांपैकी कितीतरी याच साच्यातले आहेत. साचा वाईट असतोच असं नाही, पण त्यात विचार न करताही काम पुढे सरकतं, ही त्याची मोठी अडचण.

मुख्य अभ्यासाआधीच्या पथदर्शी अभ्यासासाठी मॅडमनी आपल्याच केंद्रातले ३८ शिक्षक घेतले. केंद्रातल्या शिक्षण परिषदेत प्रश्नावल्या वाटल्या, चहाच्या आत भरून आल्या. निम्म्या जणांनी सगळीकडे 'पूर्णपणे सहमत', उरलेल्यांनी सगळीकडे 'सहमत'. तीन विधानं मुद्दाम उलटी घातली होती, त्यांना तितक्याच निष्ठेनं 'पूर्णपणे असहमत'. फक्त एका प्रश्नावलीत 'मार्गदर्शन उपयुक्त असते' यालाही सहमती होती आणि 'केंद्रप्रमुख केवळ माहिती गोळा करण्यासाठी शाळेत येतात' यालाही. हा एकटाच माणूस खरं बोलला, असं माझं मत आहे.

गंमत म्हणजे विश्वसनीयता गुणांक झकास आला. येणारच होता. एका गटानं आडवी एकच उत्तरं दिली आणि दुसऱ्या गटानं आडवी दुसरी, की विधानं एकमेकांशी घट्ट जुळलेली दिसतात आणि अल्फा, म्हणजे हाच गुणांक, वर चढतो. साधन विश्वसनीय ठरलं. सप्रमाण मात्र नव्हतं, कारण ते मार्गदर्शन मोजत नव्हतं, मॅडमचा दरारा मोजत होतं. बी.एड.ला या दोन शब्दांतला फरक मी पंचवीस वर्षं शिकवला, दरवर्षी वजनकाट्याचं तेच उदाहरण देऊन. त्याऐवजी हा गठ्ठा दाखवला असता तर एका तासात भागलं असतं.

त्या संध्याकाळी मी सल्ला दिला आणि तो चुकला. मी म्हटलं, तुम्ही वाटू नका. बी.एड.च्या एखाद्या मुलाला पाठवा, नाव लिहायला लावू नका, बंद पाकिटात घ्या. मॅडमनी तसं केलं. मुलगा पहिल्या शाळेतून बाहेर पडायच्या आत केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश आला: 'मॅडमच्या पीएच.डी.ची प्रश्नावली येत आहे, सर्वांनी सकारात्मक भरून सहकार्य करावे.' लिहिणाऱ्या गुरुजींनी हे प्रेमानं लिहिलं होतं, त्यात मला शंका नाही.

आणि गुप्तता तरी कसली? प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर लिंग, सेवाकाल, शाळेची शिक्षकसंख्या. द्विशिक्षकी शाळेत 'स्त्री, १४ वर्षे' असं लिहिलं की नाव लिहायचं काय राहिलं? शहरातल्या मोठ्या शाळेच्या हिशेबानं तयार झालेली ही पानं आपण खेड्यातल्या शाळेत जशीच्या तशी वाटतो. माझ्या हे ध्यानात यायला हवं होतं.

शेरेबुक

शेरेबुक म्हणजे शाळाभेटीला आलेल्यानं आपला शेरा लिहायची शाळेतली वही. मार्गदर्शक सरांनी दोन्ही गठ्ठे पाहिले आणि फार बोलले नाहीत. त्यांचा प्रश्न मॅडमनी मला शब्दशः सांगितला: "ज्यांच्या शेरेबुकात तुम्ही शेरा मारता, त्यांनी तुमच्याबद्दल काय लिहावं अशी तुमची अपेक्षा होती?" मग दुसरा: "तुमच्याजवळ असं काय आहे, जे पीएच.डी.साठी लिहिलेलं नाही?"

पर्याय तीन होते. हाच विषय दुसऱ्या तालुक्यात न्यायचा, जिथे मॅडमना कुणी ओळखत नाही. पण केंद्रप्रमुखांचं जाळं जिल्हाभर असतं, ओळख लपणं कठीण. किंवा विषय सोडून काहीतरी सुरक्षित घ्यायचं, पाठ्यपुस्तकाचं विश्लेषण वगैरे. किंवा त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं.

खरं तर चौथाही पर्याय होता, तो कुणी उघड बोलत नाही. सिनॉप्सिसपासून (संशोधनाचा आराखडा) व्हायवाच्या (तोंडी परीक्षा) सादरीकरणापर्यंत 'सगळं करून देणारे' मॅडमच्या ओळखीतल्या ओळखीत होते. २०१८ च्या यूजीसी नियमांनुसार इतरांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत लागतं, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण विकत घेतलेला प्रबंध नवाकोरा असतो, तो कुठल्याच सॉफ्टवेअरला सापडत नाही. मॅडमनी तो फोन उचलला नाही. त्यासाठी मी त्यांचं कौतुक करणार नाही, शिक्षकाकडून तेवढी अपेक्षा असावी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या पुन्हा आल्या. या वेळी पिशवी नव्हती, मोबाइल होता. आपल्या ११ शाळांमधल्या शेरेबुकांची, आपण स्वतः लिहिलेली सगळी पानं त्यांनी मुख्याध्यापकांची आणि वरिष्ठांची लेखी परवानगी घेऊन टिपली होती. २०१७ पासूनचे शेरे. त्यांनी एकेक पान दाखवायला सुरुवात केली. 'वाचनाकडे विशेष लक्ष द्यावे.' पुढची शाळा: 'वाचनाकडे विशेष लक्ष द्यावे.' त्याच शाळेची पुढची भेट, तेच वाक्य, खाली तीच सही. एका शाळेत चार भेटींत चार वेळा. पहिलीत असताना ज्या मुलांबद्दल लिहिलं, तीच मुलं चौथीत गेली तरी शेरा हललेला नव्हता.

"आणि यात एक शब्द शोधून दाखवा सर," त्या म्हणाल्या. "कन्नड."

मी चाळत राहिलो. नव्हता. ज्या गावांत आजी नातवाला कन्नडमध्ये हाक मारते, मैदानातली भांडणं कन्नडमध्ये होतात, त्या गावांतल्या मराठी शाळांच्या सात वर्षांच्या तपासणीत घरच्या भाषेचा एकदाही उल्लेख नव्हता. मॅडमना हे माहीत नव्हतं का? रोज दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच लिहिलं गेलं नसावं.

याच पट्ट्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला, शके ९४० चा म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या कालोल्लेख असलेल्या लेखांमध्ये तो गणला जातो, आणि त्यातली ओळ आहे 'वाछि तो विजेया होऐवा'. जो वाचील तो विजयी होईल. सहलीला आलेल्या मुलांना आम्ही ती ओळ अभिमानानं दाखवतो. आसपासच्या वस्त्यांवर त्या काळापासून दोन्ही भाषा नांदताहेत, हे सांगायचं राहून जातं.

नवा विषय उभा राहिला तो इथून: कन्नडभाषक घरांतल्या तिसरीच्या मुलांचं मराठी वाचन, आणि शाळाभेटींच्या नोंदींत ते कसं उमटतं किंवा उमटत नाही. गुणात्मक अभ्यास, म्हणजे आकड्यांऐवजी निरीक्षणं आणि नोंदी. शेरेबुकं आपल्या केंद्रातली, वर्गनिरीक्षण मात्र दुसऱ्या तालुक्यातल्या चार शाळांत, जिथे मॅडमच्या शेऱ्याला काही किंमत नाही. शीर्षकबदलाला समितीची मंजुरी घ्यावी लागली, जवळपास एक वर्ष मागे गेलं. सहा वर्षांच्या हिशेबात हा खर्च मोठा आहे. तरी मी तो योग्य मानतो.

'हाल'

पहिल्या शाळेतल्या निरीक्षणात एक मुलगी भराभर वाचत होती. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही आकलनासह, अशी अपेक्षा आहे. वेगात ती सहज बसत होती. वाक्य आलं: 'दुष्काळात गुरांचे हाल झाले.' मॅडमनी विचारलं, काय झालं? मुलगी म्हणाली, "दूध झालं."

कन्नडमध्ये 'हालु' म्हणजे दूध. गुरांचं दूध झालं. तिच्या बाजूनं वाक्य अगदी बरोबर लागत होतं, फक्त दुष्काळ कुठे बसवायचा ते तिला कळेना. वर्गशिक्षक हसले, मुलगी गप्प झाली, आणि पुढचा तासभर तिनं एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. मॅडमच्या वहीत त्या दिवसाची पाच पानं आहेत. त्यातल्या शेवटच्या ओळीत त्यांनी स्वतःला विचारलंय की २०१७ पासून आपल्या केंद्रात अशी किती मुलं गप्प बसली असतील.

मॅडमना कन्नड येत नाही. 'नीरु', 'मने' असे दहा-वीस शब्द शिकल्या, पालकांच्या संमतीसाठी गावातली अंगणवाडी ताई दुभाषी झाली. संमतिपत्र आधी मराठीत छापलं होतं. ताईंनीच विचारलं, "हे वाचणार कोण?" मग ते कन्नडमध्ये तोंडी समजावून सांगायचं ठरलं. पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात हे नसतं.

इथे एक विषयांतर. अमेरिकेत हार्वर्डनं १९२० साली शिक्षणशास्त्राची स्वतंत्र शाळा काढून 'एड.डी.' ही पदवी सुरू केली, ती मुख्यतः शाळा चालवणाऱ्या अनुभवी माणसांसाठी. पुढे ऐंशी-नव्वद वर्षं वाद चालला, की ही पीएच.डी.ची धाकटी बहीण आहे का. २००७ मध्ये सुरू झालेल्या कार्नेगी प्रकल्पानं त्यावर असा तोडगा काढला, की एड.डी. करणाऱ्यानं आपल्याच कामातला एक अडलेला प्रश्न घ्यावा आणि तो सोडवता सोडवता प्रबंध लिहावा. आपल्याकडे कामातल्या माणसालाही वाट पीएच.डी.चीच आहे, आणि तिच्यात 'मी रोज काय करतो' हा प्रश्न मांडायला मार्गदर्शकाचं मन मोठं लागतं. मॅडमना ते मिळालं. हे नशिबावर सोडलेलं आहे, याचं मला वाईट वाटतं. त्यांचे मार्गदर्शक आता निवृत्तीला आले आहेत. नियमानं ते सत्तर वर्षांपर्यंत सहमार्गदर्शक राहू शकतात, पण मुख्य मार्गदर्शक दुसरा शोधावा लागणार, आणि तो टी-चाचणी मागणारा निघाला तर काय, ही भीती आहेच.

सहामाही सादरीकरणात सल्लागार समितीतल्या एकांनी तोच प्रश्न विचारला, जो मीही विचारला असता: स्वतःचेच शेरे स्वतः तपासले, तर वस्तुनिष्ठता कुठे राहिली? मॅडमनी सांगितलं की शेऱ्यांचं वर्गीकरण एकदा स्वतः आणि एकदा दुसऱ्या व्यक्तीकडून, असं वेगवेगळं केलंय, ती दुसरी व्यक्ती प्राथमिक शिक्षणाशी संबंधितच नाही, आणि जिथे दोघांचं जुळलं नाही ते उतारे परिशिष्टात जसेच्या तसे देणार आहेत. न जुळलेल्या उताऱ्यांत बहुतेक ठिकाणी मॅडमना स्वतःचा शेरा 'मार्गदर्शनपर' वाटला होता आणि दुसऱ्या व्यक्तीला 'आदेश'. समितीत जरा हशा पिकला. प्रश्न विचारणारे हसले नाहीत. त्यांनी टिपून घेतलं.

मुदत २०२९ पर्यंत आहे. प्रबंधाची दोन प्रकरणं लिहून झाली आहेत, तिसरं अडलंय. केंद्राचं काम तसंच चालू आहे, 'माहिती आजच्या आज' हेही.

परवा सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मॅडम सहकुटुंब भेटल्या. गर्दीत, पाळण्यांच्या आवाजात त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. त्यांच्याच केंद्रातल्या एका शाळेचं शेरेबुक. शेरा दीड पानाचा होता. तिसरीतल्या कुठल्या चार मुलांना कुठले शब्द कन्नड अर्थानं लागतात, त्यांची यादी. अंगणवाडी ताईंना आठवड्यातून एक तास वर्गात बोलावता येईल का, असा प्रश्न. शेवटी 'पुढच्या भेटीत मी या चौघांसोबत बसेन' आणि तारीख. वाचनाकडे विशेष लक्ष द्यावे, हे कुठेच नव्हतं.

त्याखाली मुख्याध्यापकांनी निळ्या पेननं एकच शब्द लिहून सही केली होती: 'वाचले.'